पाचवं पान

प्रिय लखन,

हे पत्र हरिसिंग मामा तुझ्या हातात देईल. त्याच्यावर रागावू नकोस, त्यानं मला काहीच सांगितलेलं नाही. परवा तो यवतमाळच्या पोलीस ठाण्यात, चौकशीला बोलावलेल्या याडीला भेटायला आला होता. तिच्यासाठी डब्यात भाकरी आणि ठेचा आणला, माझ्या तब्येतीचं विचारलं, तांड्यात पाणी किती दिवसांआड येतं तेही विचारलं. दोन-अडीच तास बसला, पण तुझं नाव त्यानं एकदाही काढलं नाही. एकवीस दिवस भाचा बेपत्ता आहे आणि मामा विचारत नाही, म्हणजे त्याला विचारायची गरज नाही हे मला तिथंच कळलं. बसस्टँडपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले आणि एवढंच म्हटलं, मामा, एक चिठ्ठी लिहून देईन, पोचवशील का? तो वणीच्या गाडीच्या पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोरी, मले वाचता येत नाई, तेच बरं हाय."

फोन केला नाही. तुझा बंदच आहे आणि माझ्या फोनवर आता माझाच विश्वास राहिला नाही. हातानं लिहायची सवय मोडली आहे, अक्षर समजून घे. आणि लिहायचं म्हटलं तर आपली बंजाऱ्यांची गोर बोली कागदावर उतरत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते आहे. आईला मात्र याडीच लिहीन. तिला आई म्हटलं की दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटतं.

तांड्याची खबर सांगते. शेतातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, बांधावर पळस पेटलाय, ऊन आत्ताच सोसवत नाही. रूपसिंग काकांचा फोन त्यांच्या सुनेनं पिठाच्या डब्यात ठेवला आहे, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून. शीलाकाकीनं तर सिम काढून विहिरीत टाकलं. तिला कुणी सांगितलं की सिम फेकलं की नाव निघतं. मी समजावलं की असं होत नसतं, उलट वाईट दिसतं, तर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू सांगू नको वर्षा. तुह्या सांगण्यानंच झालं हे." आजवर भांडणाला बसलेली माणसंही माझ्या अंगावरच्या काळ्या कोटाकडे बघून आवाज खाली करायची. आता मी ओट्यावरून जाते तेव्हा बायका बोलायच्या थांबतात.

तुला आठवतं का, मी मुंबईला असताना तू तांड्यात सगळ्यांना सांगायचास की आमची बाई, थोरली बहीण, तारांची वकील आहे? ऑफिसात मी काय करते हे कुणालाच नीट सांगता आलं नाही, मलाही नाही. टेलिफोन कंपन्यांचे परवाने वाचायचे, त्यातल्या अटी वाचायच्या. कुणी कुणाची यंत्रं घेतली, कुणी सॉफ्टवेअर विकलं, कुणी टॉवर भाड्यानं दिला, त्यांचे दोन-दोनशे पानांचे करार तपासायचे. आठ वर्षं मी तेच केलं आणि चांगलं केलं. मग आपल्या बापूंचं अर्धं अंग गेलं आणि मी दिग्रसला परत आले. त्यांचे शेवटचे तीन उन्हाळे मी त्यांच्याजवळ होते याचं दुःख नाही. पण दिग्रसच्या कोर्टात वाटणीचे दावे, बांधाची भांडणं, पोटगी यात माझी ती विद्या गंजत चालली होती, हे मात्र खरं. ती पहिल्यांदा कामी आली तुझ्यासाठी. इंटरनेट पुरवण्याचा तुझा परवाना काढताना मी प्रत्येक ओळ स्वतः भरली होती. ज्या दिवशी आपल्या तांड्यावर तुझी तार पोचली आणि याडीनं मोबाईलवर माहूरची आरती बघून हात जोडले, त्या दिवशी मला वाटलं होतं की माझं शिक्षण आज पुरं झालं.

हे सांगते कारण दसऱ्यानंतर अमर आला तेव्हा मी का फसले, हे तुला कळावं. तू फसलास ते वेगळ्या कारणानं. तुला तीस तांड्यांना तार न्यायची होती आणि तो त्यासाठी लागणारी सगळी यंत्रं देतो म्हणत होता. त्यातली अकरा तांड्यांची यंत्रं त्यानं खरंच दिली, हे मी विसरत नाही. दारव्ह्याकडच्या तांड्यातल्या पोरी तुझ्या तारेवर नर्सिंगचा अभ्यास करतात, तेही खरं आहे. पण मी फसले ते मानापायी. तो पांढऱ्या गाडीतून उतरला, नागपूरचा आहे म्हणाला, याडीच्या पाया पडला, आणि माझ्यासमोर एकतीस पानांचा इंग्रजी करार ठेवून म्हणाला, "मॅडम, हे समजणारा माणूस या जिल्ह्यात सापडेल असं वाटलं नव्हतं." किती वर्षांनी कुणी मला माझ्या कामाचं काम दिलं होतं, लखन. मी तो करार रविवारी अंगणात लिंबाखाली बसून एका बैठकीत वाचला. तू समोर बाजेवर बसून माझ्या चेहऱ्याकडे बघत होतास.

करारात काय होतं ते तू तेव्हा ऐकलं नाहीस, आता ऐक. तुझ्या कंट्रोल रूमच्या वरची खोली त्यांना द्यायची. त्यांचं कपाट तिथं राहील, वीज आणि इंटरनेट तू द्यायचं. कलम नऊ म्हणत होतं की लागतील ती मोबाईल कनेक्शनं जागामालक मिळवून देईल. कलम चौदा म्हणत होतं की जागामालक ते कपाट कधीही उघडणार नाही. कलम बावीसमध्ये तुझ्या सगळ्या ग्राहकांची यादी, नावं, वयं, नंबर त्यांना द्यायचे होते, सेवा सुधारण्यासाठी. मी तिथंच तुला म्हटलं की इंटरनेट पुरवण्याचा परवाना वेगळा आणि लोकांचे कॉल वाहून नेण्याचा वेगळा. नव्या दूरसंचार कायद्यात परवानगीशिवाय असं काही चालवणं हा सरळ गुन्हा आहे. आणि जे कपाट घरमालकानं उघडायचं नाही, त्यात काय आहे हे मी कशाच्या आधारावर सांगू? तू वैतागलास. "बाई, तू तं साऱ्यातच खोट काढतं. काहून कोणाचं भलं होऊ देत नाई?"

मी सल्ला लिहिला. पाच पानांचा होता. पहिल्या चार पानांत कायदा काय परवानगी देतो ते होतं, आणि पाचव्या पानावर इशारे. परवानगी हातात आल्याशिवाय सुरू करू नये. दुसऱ्याच्या नावावर एकही सिम घेऊ नये. ग्राहकांची यादी देऊ नये. मी यंत्र पाहिलेलं नाही. अमरनं तो वाचला, हसला आणि म्हणाला की सल्ला उत्तम आहे, फक्त हे शेवटचं पान वेगळ्या पत्रात घातलं तर बरं, आमच्या वरच्या लोकांना भीती वाटते. मुंबईच्या ऑफिसात हे मीही शंभर वेळा केलेलं. मुख्य सल्ला स्वच्छ ठेवायचा आणि अडचणीच्या गोष्टी बाजूच्या पत्रात घालायच्या. तू माझ्याकडे बघितलंस. लहानपणी पोळ्याला बैलाची जोडी मागताना बघायचास तसंच. मी चौथ्या पानाखाली सही केली, पाचवं पान वेगळं पत्र म्हणून तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, हे वाच. तू घडी करून खिशात ठेवलंस. वाचलंस का कधी? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

दिवाळीनंतर तांड्यात ती सिमवाटपाची टेबलं लागली तेव्हा मी यवतमाळला तारखेला गेले होते. परत आले तर याडी खुशीत होती. फुकट सिम मिळालं, सरकारी योजनेचे पैसे आता थेट फोनवर कळतील म्हणाली. टेबलावरच्या माणसानं तिचा अंगठा मशीनवर नऊ वेळा लावून घेतला होता. दर वेळी म्हणायचा, आजी, बसला नाही, पुन्हा लावा. तिला ते खरंच वाटलं, कारण कापूस वेचून वेचून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, रेशनच्या दुकानातही तिचा अंगठा बसत नाही. एका माणसाच्या नावावर नऊच सिम घेता येतात, म्हणून तो नऊवर थांबला. मला हे सगळं तेव्हा कळायला हवं होतं. मी तिला म्हटलं, बरं झालं, आणि चहा ठेवला.

कळलं ते संक्रांतीनंतर, जफरभाईंमुळे. तुझ्या खोलीवरचा इन्व्हर्टर गरम होतो म्हणून तूच त्यांना बोलावलं होतंस. तू खाली फोनवर असताना त्यांनी वायरीचा माग काढत कपाटाचं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले, टोपी काढून हातात धरली आणि दार लावून घेतलं. म्हणाले, "ताई, मी तीस वर्सं मशीनी दुरुस्त करून राह्यलो. असं जनावर नाई पाह्यलं. एका डब्यात शंभर-सव्वाशे सिमा. वरतून एंटिन्याचे काटे, साळिंदरावानी. आन् साऱ्या लाइटी लुकलुक करतात, पण बोलनारं मानूस एकबी नाई." ते कशाबद्दल बोलताहेत ते मला लगेच कळलं. मुंबईत असताना याच्याबद्दल फक्त वाचलं होतं. देशाबाहेरून कुणीतरी इंटरनेटवरून कॉल करतं, तो या डब्यात येतो, डब्यातल्या एखाद्या सिममधून बाहेर पडतो आणि समोरच्याला साधा दहा आकडी देशी नंबर दिसतो. कॉल करणारा सापडत नाही. सापडतो तो ज्याच्या नावावर सिम आहे तो.

त्याच दुपारी मी तुझ्याकडे आले, तुला आठवत असेल. तू म्हणालास, "लायसन येऊन राह्यलं ना. अमरभाऊनं पावती दाखवली." मी म्हटलं, अर्जाची पावती म्हणजे परवाना नव्हे, आत्ताच्या आत्ता बंद कर. मग तू भिंतीकडे बोट केलंस. माझा चार पानांचा सल्ला तिथं प्लास्टिकमध्ये घालून टांगला होता, माझ्या सहीसकट. "तूच तं लिहून देलं, बाई." पण तू बंद केलंस. माझ्यासमोर तू खटका खाली ओढलास आणि तो बारीक गुणगुणणारा आवाज थांबला. मी घरी गेले ते काम झालं असं समजून.

तिसऱ्या दिवशी अमर ऑफिसात आला. पक्षकार वकिलासमोर बसतात तसा बसला, पाणी मागून प्यायला. त्याचा आवाज एकदाही चढला नाही. म्हणाला, "मॅडम, तुमच्या सल्ल्यावर विसंबून आम्ही एवढी गुंतवणूक केली. तो सल्ला आमच्या सगळ्या फायलींना जोडलेला आहे." मग खिशातून चिठोरा काढून टेबलावर ठेवला. त्यावर नऊ नंबर ओळीनं लिहिले होते. "हे तुमच्या आईंचे. तुम्ही बंद करायला लावलंत त्याच्या आदल्या दिवशी यातल्या पहिल्यावरून एकशे चाळीस कॉल गेले. त्या अंगणातच बसलेल्या होत्या, आम्हाला माहीत आहे." चिठोरा तिथंच ठेवून तो उठला. जाताना दार हळूच लावून घेतलं. त्याच संध्याकाळी तुझ्या खोलीवर दिवे पुन्हा लागले. ते मी रस्त्यावरून पाहिले, लखन, आणि जिना चढले नाही.

मी पाच आठवडे गप्प बसले. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. तुला वाटत असेल की बाई पोलिसांकडे गेली म्हणून हे सगळं झालं. बाई गेली नाही. बाईला सगळं माहीत होतं, कलम माहीत होतं, कुठल्या कचेरीत कुणाला कळवायचं तेही माहीत होतं. बाई रोज सकाळी कोर्टात जायची आणि बांधाच्या भांडणात तारीख घेऊन घरी यायची. याडीला वाचवतेय असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे ती सही माझी होती.

त्या पाच आठवड्यांच्या शेवटी फुलचंद गुरुजी माझ्याकडे आले. आश्रमशाळेत आपल्या दोघांना ज्यांनी इंग्रजी शिकवलं, तुझे कान उपटले आणि माझ्या वकिलीच्या प्रवेशासाठी स्वतः नागपूरला आले, ते गुरुजी. दिग्रसला त्यांच्या घरी तुझीच तार आहे, म्हणजे कलम बावीसच्या यादीत तेही होते. वय एकाहत्तर, निवृत्त, बायको गेलेली, एकटे राहणारे. त्यांना पोलिसांच्या नावानं फोन आला होता. सांगितलं की तुमच्या नावानं गुन्ह्यातला माल पकडला आहे, तुम्हाला घरातच अटक आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. गुरुजी तीन दिवस खुर्चीत बसून राहिले. इस्त्रीचा शर्ट घालून. न्हाणीघरात जायलाही परवानगी मागत होते. शेजारच्या बाईनं डबा आणला तर दारातूनच नको म्हणाले. तिसऱ्या दिवशी आयुष्यभराचं जमलेलं सगळं त्यांनी त्या माणसांच्या हवाली केलं. हे मला सांगताना त्यांचा आवाज कोरडा होता. रडले ते एकाच वाक्यावर. "बेटी, मी त्याहिले सर म्हनत होतो. एवढ्या पोरांनी मले सर म्हटलं, आन् मी त्याहिले सर म्हनत होतो."

मग त्यांनी खिशातून कागद काढला. पहिला फोन ज्यावरून आला तो नंबर, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात. मला तो चिठोऱ्याशी ताडून बघावा लागला नाही. नऊच्या नऊ नंबर मला पाठ झाले होते. तो दुसरा होता. गुरुजींनी विचारलं, "हा नंबर कोनाचा, हे कायद्यानं कयू शकते का?" या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं नेमकं कुणीच देऊ शकलं नसतं. मी म्हटलं, अवघड आहे गुरुजी, असे नंबर सहसा सापडत नाहीत. त्यांनी मान हलवली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाले, "तू म्हनतं तं असंल." ते गेल्यावर मी खुर्चीत किती वेळ बसले होते ते माहीत नाही. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा उठले.

पण गुरुजींनी माझं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी एसटीनं यवतमाळला जाऊन त्यांनी स्वतः अर्ज दिला, स्वतःच्या हातानं लिहून. तिथून सगळं सुटत गेलं. कुणीतरी अमरला आधीच कळवलं असावं, कारण दूरसंचार खात्याची माणसं आणि पोलीस तुझ्या खोलीवर पोचले तेव्हा कपाट नव्हतं, भिंतीत फक्त भोकं आणि तुटक्या वायरी होत्या. अमर नव्हता. त्यानं दिलेला पत्ता नागपुरात सापडला नाही. तूही नव्हतास. तिथं होतं ते एकच, भिंतीवरचं प्लास्टिक आणि त्यातली माझी चार पानं. मग तांड्यात नोटिसा आल्या. चोवीस घरं, दोनशेच्या वर सिम. पहिली नोटीस लालीबाई राठोड यांना, आपल्या याडीला.

आता जे सांगते ते नीट वाच. याडीला मी शिकवून नेलं होतं की एवढंच म्हण, अंगठा घेतला, काय घेतलं मला ठाऊक नाही. ती मान हलवत होती. अधिकारी बरा माणूस आहे, त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं की आजी, हे सिम तुमचं का? याडी म्हणाली, "माह्यंच." फोन कोणी लावले? "मीच लावले. सारे मीच लावले. माह्या पोराले काई मालूम नाई." खोलीतला एक शिपाई हसला. अधिकारी हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यानं ते लिहून घेतलं. त्या दिवशी गुरुजींनाही बोलावलं होतं. ते उठून उभे राहिले, म्हणाले, "साहेब, आवाज मानसाचा होता. या बाईले मी चाळीस वर्सांपासून ओळखतो, हिनं मले कदी अरे म्हटलं नाई." याडीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "गुरुजी, तुम्ही मंधात पडू नका. मीच हाय." त्यानंतर तिला तीनदा बोलावलं. तीनदा तिनं तेच सांगितलं. मी वकील म्हणून, लेक म्हणून, पाया पडून समजावलं. ती म्हणते, तुझं कायद्याचं तू बघ, पोराचं मी बघते.

बाहेर पडताना जिन्याजवळ गुरुजींनी मला थांबवलं. हळू आवाजात विचारलं, "बेटी, त्या दिवशी तुले नंबर ओळखू आला होता का?" मी फायलीची दोरी बांधत राहिले. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेले.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुला घाबरवायला सांगत नाही. काल जफरभाईंच्या दुकानात दोघेजण आले होते. गाडी पांढरीच, नंबरप्लेटवर चिखल, आणि या दिवसांत आपल्याकडे चिखल कुठून आला? लखन राठोडचे नातेवाईक कुठकुठल्या गावाला आहेत, असं विचारत होते. मारेगावकडं मामा आहे ना त्याचा, असंही म्हणाले. जफरभाईंनी मला ठाऊक नाही सांगितलं. पण दिग्रसच्या बाजारात ठाऊक असणारी माणसं कमी नाहीत. अमरचा चेहरा नीट पाहिलेली, त्याच्यासोबत महिनोन् महिने बसलेली माणसं दोनच, एक मी आणि एक तू. माझ्याभोवती दिवसभर कोर्टाची गर्दी असते. तुझ्याभोवती मामाचं शेत आहे.

म्हणून हे पत्र. मी ते दिग्रसहून लिहीत नाही, लखन. पहाटेच्या गाडीनं निघाले, मामाला फाट्यावर बोलावून घेतलं आणि मारेगावच्या ठाण्यासमोरच्या हॉटेलात बसून हे लिहिते आहे. मामा बाहेर बाकावर बसला आहे, चहा थंड झाला तरी प्यायला नाही. मी स्वतः शेतावर आले असते, पण तू समोर आलास, बाई म्हणालास, की मी पुन्हा काहीतरी वेगळ्या कागदावर लिहून देईन, हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या पिशवीत माझा जबाब आहे आणि पाचव्या पानाची माझ्याकडची प्रत आहे. ते एकटं पान दाखवलं तर मी सुटते आणि तू पुरता अडकतोस, कारण तुला सांगितलं होतं हे त्यानं सिद्ध होतं. म्हणून जबाबात मी हेही लिहिलं आहे की ते पान अमरच्या सांगण्यावरून मीच वेगळं काढलं, की जानेवारीपासून मला सगळं कळलं होतं, आणि गुरुजींना मी खोटं सांगितलं. पक्षकाराची गोष्ट वकिलानं फोडू नये हे खरं, पण गुन्ह्यासाठी घेतलेल्या सल्ल्याला कायदा आडोसा देत नाही. माझी सनद जाईल, जाऊ दे. दुपारी बारा वाजता मी आत जाणार आहे आणि आत गेल्यावर पहिला प्रश्न तू कुठं आहेस हाच असेल. मी खरं उत्तर देईन. मामाचं शेत इथून चालत पाऊण तास आहे. त्याआधी तू स्वतःच्या पायानं आलास तर कागदावर स्वतः हजर झाला असं लिहिलं जाईल, आणि याडीचं ते खोटं तुझ्या एका वाक्यानं पडेल. दुसऱ्या कुणाच्या वाक्यानं ते पडणार नाही, मी करून बघितलं. गाडीरस्त्यानं येऊ नकोस, नाल्याच्या बाजूनं ये, मामाला सोबत ठेव, आणि कुणी नावानं हाक मारली तरी थांबू नकोस. आत्ता नऊ वाजून गेलेत. समोरच्या रस्त्यावरून मघाशी एक पांढरी गाडी हळू गेली, ती कुणाची होती मला दिसलं नाही. मी हॉटेलच्या दारापाशीच आहे.

तुझीच मोठी बहीण,
वर्षा